बंपरखालची खडूची खूण

आमच्याकडे धूळ काळी असते. रायपूरला नवीन आलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. गच्चीवर अनवाणी एक चक्कर मारली की तळपाय पाहून त्याचं त्याला समजतं. सिलतऱ्याकडून वारा सुटला की लोखंडाच्या कारखान्यांची ती बारीक काळी पूड खिडकीच्या फटीतून, दाराखालून, कुठूनही आत येते. बाकीचे लोक तिच्याशी जुळवून घेतात. मी नाही घेत. सकाळी माझ्या हातात फडकं येतं ते ऑफिसची वेळ होईपर्यंत सुटत नाही. आई होती तेव्हा म्हणायची, "या पोट्टीच्या हाती फडकं देऊन देवानं सासरच्यांची चांगली सोय केली होती, पण सासरच द्यायले विसरला." लग्न झालं नाही माझं. त्याचं दुःख मला कमी आणि नातेवाइकांना जास्त आहे.

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. बाबा रेल्वेत वॅगन तपासायचे. मूळचे वर्धेकडचे, नोकरीनं इकडे आणलं आणि मग इथलेच झाले. मालगाडी यार्डात शिरली की ते रुळांच्या बाजूला उभे राहायचे, एकेक डबा समोरून जाताना पाहायचे, त्याचा आवाज ऐकायचे. गाडी थांबली की चाकाजवळच्या पेटीला उपडा हात लावायचे. पेटी जास्त तापलेली असली तर डब्यावर खडूनं 'सिक' लिहायचं. म्हणजे हा डबा आजारी, याला बाजूच्या लाइनीवर काढा. ठीक असला तर 'फिट'. जन्मभर या माणसानं हेच केलं. निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशात पेनाशेजारी खडूचा तुकडा असतोच. धुताना तो काढायचा राहिला की बादलीतलं पाणी दुधासारखं होतं आणि मग माझं तोंड सुटतं.

आमची गाडी छोटी, पांढरी आणि जुनी. आई असताना घेतलेली. मला चालवता येत नाही, मी स्कूटरवाली. गाडी बाबांची, आणि गाडीचं कामही एकच, दर रविवारी अभनपूरला आत्याकडे जायचं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ऐंशी ओलांडली, पाय गेले, सुनेनं हाताला धरून उठवलं तर उठते. आम्ही गेलो की सून आणि मी मिळून तिला गाडीत पुढच्या सीटवर बसवतो, मी मागे बसते, आणि बाबा तिला गाव दाखवून आणतात. गाव कसलं, तीच बाजाराची सडक, तीच धानाची मंडी, तोच तलाव. बाबा बैलगाडीच्या वेगानं चालवतात तरी आत्या म्हणते, "हळू चालव भाऊ, घाई काहून करून राहिला?" मधेच कोणाचं तरी दुकान दाखवून विचारते, हा म्हातारा मेला का. आठवड्याभरात तिचं घराबाहेर पडणं एवढंच. रविवारची साडी ती शुक्रवारीच काढून उशाशी ठेवते, असं तिची सून सांगते. बंगलोरला असलेला माझा धाकटा भाऊ एकदा फोनवर म्हणाला होता की भाड्यानं गाडी करून जात जा. बाबा म्हणाले, "भाड्याच्या गाडीत ड्रायव्हर घड्याळ पाहते."

या उन्हाळ्यात एप्रिलमध्ये गाडी पहिल्यांदा तापली. अभनपूरहून परत येताना शहरात शिरलो, पुढे गाड्यांची रांग लागली, आणि काटा बघता बघता लाल रेघेला टेकला. बॉनेटच्या कडेनं वाफ यायला लागली. बाबांनी गाडी बाजूला घेतली, अर्धा तास थांबले, मग कापड धरून झाकण उघडलं. रेडिएटरला जोडलेली पाण्याची बाटली रिकामी.

"निघताना पाणी पाहिलं होतं का?" मी विचारलं.

"पाह्यलं होतं."

"मग गेलं कुठं?"

बाबा झाकण फिरवून बसवायला लागले. चूक त्यांची असली तर ते असंच हाताला काम काढतात, असं मला त्या वेळी वाटलं.

दोन रविवारांनी जातानाच तापली. अर्ध्या रस्त्यातून, थांबत थांबत, परत यावं लागलं. तिकडे आत्या साडी नेसून व्हरांड्यात खुर्चीवर बसली होती ती, येत नाही म्हणून फोन केला तरी, संध्याकाळपर्यंत उठली नाही. "येईल तो," म्हणत राहिली. हे कळलं आणि माझा राग बाबांवर निघाला. बाटली परत रिकामी होती ना. मी म्हटलं, "तुम्ही पाणी पाहायचं विसरता बाबा. विसरता तर कबूल करा, त्यात काय."

बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "असंन."

कबूल केलं म्हणून मला बरं वाटलं. आता ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

मेकॅनिक घरी आला, आतला थर्मोस्टॅट बदलून गेला. पुढच्या वेळी गाडी तरीही तापली. तो परत आला, पाणी भरलं, पाच मिनिटं इंजिन चालवलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "दीदी, गाड़ी में कुछ नहीं है. अंकल पानी देखना भूल जाते होंगे. उमर हो गई." मीही मान डोलावून "हव" म्हटलं. म्हणायला नको होतं. बाबा दारातच उभे होते.

मग मी मोजायला लागले. चष्मा फ्रिजवर सापडला, मोजलं. दूध उतू गेलं, मोजलं. शेजारच्या जावयाला दुसऱ्याच नावानं हाक मारली, तेही मोजलं. मी स्वतः रोज दहा गोष्टी विसरते, पण त्या कोणी मोजत नव्हतं. हे सगळं मी बंगलोरला भावाला सांगितलं. त्याचं मराठी आता अर्ध्याहून जास्त हिंदी झालं आहे. म्हणाला, "ताई, गाडी बेच दो. रस्त्यात कुछ हो गया तो? आणि एकदा डॉक्टरला दाखव, मेमरीवाल्या." तिथूनच त्यानं फोनवर गिऱ्हाईक ठरवलं. शनिवारी संध्याकाळी गाडी पाहायला येणार. मी सोमवारची डॉक्टरची वेळ घेतली. मी गाडीची चाबी माझ्या कपाटात साड्यांच्या खाली नेऊन ठेवली; पोर्चमधल्या गाडीच्या दारांना कुलूप आम्ही तसंही कधी लावत नाही. बाबांनी ती मागितली नाही.

बाबांनी आत्याला फोन करून सांगितलं की गाडी विकून राहिलो. तिकडून ती काय बोलली ते मला ऐकू आलं, कारण तिला कमी ऐकू येतं म्हणून ती ओरडूनच बोलते. तिनं एवढंच विचारलं, "मग आता मले कोण नेईल?" बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि आत निघून गेले. मी म्हटलं, "आत्या, ऊन फार आहे, तुम्ही पाणी पीत जा."

शनिवारी मला सुट्टी. सकाळी नेहमीप्रमाणे मी गाडी पुसून काढली होती. विकायची म्हणून जास्तच घासली. चहा झाल्यावर बाबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"चाबी दे."

"काहून?"

"हे पाय बाई, डबा सिक लिहायले खडूची एक रेघ पुरते. पण त्याच्या आधी हात लावून पाहा लागते. या गाडीले अजून कोणी हातच नाही लावला. तो पोरगा पार्ट बदलून गेला, हात नाही लावला त्यानं."

"बाबा, संध्याकाळी लोक येऊन राहिले, आता कशाला नसता उपद्व्याप?"

"संध्याकाळी ने म्हणा त्यायले. मले फक्त पाहू दे."

मी आदळआपट करतच चाबी आणून दिली. पण बाबांनी ती घेतली नाही. म्हणाले, "तू बस सीटवर. चालू कर, अन् काट्यावर नजर ठेव." गाडी चालवता येत नसली तरी चालू करता येत होती. त्याआधी त्यांनी मला समोर बोलावून पाण्याची बाटली दाखवली. "पाय. रेघेपर्यंत आहे का?" मी म्हटलं आहे. "तू पाह्यलं ना? तुह्या डोळ्यानं?" मी परत हो म्हटलं. तेव्हा मला हे सगळं नाटक वाटत होतं.

इंजिन चालू झालं. बाबा गुडघे दुखतात म्हणून छोटा मोढा घेऊन गाडीच्या तोंडापुढे बसले. मधेच उठायचे, रेडिएटरच्या वरच्या नळीजवळ उपडा हात न्यायचे, मग खालच्या नळीजवळ, परत बसायचे. डोळे मिटून ऐकत होते. काटा हळूहळू मध्यावर आला. पंखा सुरू झाल्याचा आवाज आला. काटा थांबेल असं मला वाटलं. तो वर सरकायला लागला.

"बाबा, वर जाऊन राहिला."

"बाटलीत पाणी आहे?"

मी उतरून पाहिलं. पाणी रेघेवरच होतं.

"पाणी पुरं आहे, पंखा फिरून राहिला, तरी तापून राहिली," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. कितीतरी आठवड्यांनी तो मला नीट ऐकू आला. "रद्दीतलं एक पान आण."

मी वर्तमानपत्राचं पान आणून दिलं. त्यांनी ते गाडीच्या पुढच्या जाळीवर धरलं आणि हात सोडला. पान सरळ घसरून खाली पडलं. परत धरलं, परत पडलं. "पाह्यलं? पंखा आतून हवा ओढते. पान चिकटाले पाहिजे. हवाच नाही जाऊन राहिली आत. बंद कर."

गाडी थंड होईपर्यंत आम्ही थांबलो. मग बाबांनी पुढची जाळी काढायला घेतली. चार स्क्रू, दोन खटके. त्यांचे हात थरथरतात, पण स्क्रूवर पेचकस बसला की थांबतात. जाळी निघाली, आणि तिच्यामागे रेडिएटरऐवजी एक काळी सपाट भिंत दिसली. बाबांनी नखानं खरवडलं. भिंत हलली. ते कापड होतं. कापडही नाही, खिडक्यांना डासांसाठी लावतात ती बारीक नायलॉनची जाळी, आमच्या काळ्या धुळीनं गच्च भरलेली. चारी कोपऱ्यांना पांढऱ्या नाडीनं बांधलेली.

बाबांनी विचारलं, "हे कोणी लावलं?"

मला एका क्षणात सगळं आठवलं. दिवाळीची सफाई. बाबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस नागपूरला काकांकडे. मी खिडक्यांना जाळ्या लावून घेतल्या, एक तुकडा उरला. गाडी पुसताना बॉनेट उघडून पाहिलं तर रेडिएटरच्या पुढे काळं थापलेलं. आत धूळ जायलाच नको, म्हणून मी तो तुकडा वरून हात घालून रेडिएटरसमोर सोडला आणि दोरीवर वाळत असलेल्या बाबांच्या पायजम्याची नाडी काढून, तुकडे करून बांधला. मोठी हुशारी केली असं तेव्हा वाटलं होतं. मग साफ विसरून गेले. थंडीत गाडीला काही झालं नाही. जाळी भरत गेली, ऊन वाढत गेलं, हवा कोंडली. पाणी उकळून बाहेर जायचं, आणि नंतर आम्ही बाटली उघडली की ती रिकामी.

विसरले मी होते. आणि एवढं सगळं आठवत असताना माझ्या तोंडून निघालं, "काय माहीत बाबा."

का म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही. दोन महिने ज्या माणसाला विसरभोळा ठरवलं, त्याच्यासमोर माझी चूक कबूल करवेना.

बाबांनी नाडीचा एक तुकडा सोडवून घेतला, बोटांत धरून पाहिला, आणि हळूच म्हणाले, "नाडी तं माह्याच पायजम्याची आहे. मीच बांधली असंन. हेही विसरलो."

मी काही बोलायच्या आत ते पुढे बोलायला लागले, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे. "तुम्ही म्हणता ते बराबर आहे. मले रोज वाटते का मी सकाळी पाणी पाह्यलं. पाह्यलं का बंपरच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, खडूनं 'पा' लिहितो अन् बाजूले तारीख. वॅगनवर लिहायचो तसं. पण निघताना वाकून पाहतो तं तिथं काही नसते. पहिले वाटलं, पुसलं गेलं असंन. पण तिथं खाली कोण हात घालते? मंग समजलं का मी लिहीतच नाही. मले नुसतं वाटते लिहिलं म्हणून."

बंपरच्या खाली हात कोण घालतं ते मला माहीत होतं. बाबा सहाला उठून पोर्चमध्ये जायचे, मग आंघोळ आणि पूजा. तेवढ्यात मी फडकं घेऊन बाहेर यायची. बंपरच्या काळ्या पट्टीखाली डाव्या कोपऱ्यात रोज काहीतरी पांढरं फरकाटलेलं असायचं. शेजारचे पोट्टे खडूनं खेळतात म्हणून मी रोज शिव्या घालत ते पुसायची. त्या दिवशी सकाळीही पुसलं होतं. फडकं अजून तारेवर ओलं होतं.

मी ते फडकं आणून बाबांच्या पुढ्यात टाकलं. आधी जाळीचं सांगितलं, मग खडूचं. रडत रडत सांगितलं, आणि मला रडू येतं तेव्हा राग पण येतो, त्यामुळे ओरडत सांगितलं. काय काय बोलले आठवत नाही. एवढं आठवतं की शेवटी म्हटलं, "मी खोटं बोलले आत्ता. काय माहीत म्हटलं ते खोटं होतं."

मला वाटलं, रागावतील. रागावायला हवं होतं. त्यांनी ते फडकं उचलून उलगडलं.

"म्हणजे मी लिहीत होतो," ते म्हणाले.

"हो बाबा."

"रोज?"

"रोज. मी रोज पुसलं."

"म्हणजे मी पाहत होतो पाणी." हे ते दोनदा म्हणाले. मग खिशातला खडू काढून त्याच्याकडे पाहिलं, परत ठेवला, आणि डोळे पुसले. म्हणाले, "नाडी तरी दुसरी घ्याची होती व. दिवाळीच्या वक्ती मी किती शोधली ती."

आम्ही जाळी कापून काढली. पाइप लावून रेडिएटर समोरून धुतला तर कितीतरी वेळ काळं पाणी वाहत होतं. परत गाडी चालू केली. काटा मध्यावर येऊन थांबला, पंखा फिरला, काटा थोडा खाली आला. बाबांनी वर्तमानपत्राचं पान पुढे धरलं आणि ते जागच्या जागी चिकटून राहिलं. मी भावाला फोन करून सांगितलं की त्या गिऱ्हाइकाला येऊ नको म्हण. "अरे, लेकिन ताई—" तो म्हणाला. मी म्हटलं, चूक माझी होती, बाकीचं नंतर सांगते. डॉक्टरची वेळ मात्र बाबांनीच रद्द करू दिली नाही. सोमवारी गेलो. डॉक्टरांनी बरेच प्रश्न विचारले आणि वयाच्या मानानं ठीक आहे म्हणाले.

पण त्याआधी, जाळी काढली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवार होता. आम्ही न कळवता अभनपूरला पोचलो तर आत्या साडी नेसून खुर्चीवर बसलेली. सून म्हणाली, शुक्रवारीच काढून ठेवली होती, ऐकतच नाहीत. तलावाच्या कडेनं गाडी नेताना आत्या म्हणाली, "हळू, भाऊ." मी मागच्या सीटवर तोंड फिरवून बाहेर पाहत बसले.

गाडी त्यानंतर तापलेली नाही. पण एक गोष्ट राहिली. पूर्वी बाबा काय ते स्वतःच पाहून गाडीत बसायचे. आता दार उघडतात, थांबतात आणि मला विचारतात, "मी पाणी पाह्यलं न?" आधी कधी विचारत नव्हते. तो प्रश्न मी त्यांच्या तोंडात घातला, आणि तो आता जात नाही.

मग मी पर्स खाली ठेवते आणि गाडीसमोर वाकते. सगळी गाडी मी आजही रोज पुसते, फक्त बंपरखालचा तेवढा डावा कोपरा सोडून. तिथली धूळ काळी ती काळीच आहे, आणि तिच्यावर त्यांच्या थरथरत्या हाताचं 'पा' आणि आजची तारीख. मी मोठ्यानं वाचून दाखवते.

"पाह्यलं बाबा. लिहून आहे."

तेव्हा ते गाडीत बसतात.